फायरवाल्याने विचारलं, "मॅडम, नक्की काय आहे यात?" : टँकरच्या कागदांवर सह्या करणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

परिवहन, प्रदूषण नियंत्रण, स्फोटक परवाने, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन, अशा ज्या ज्या खात्यांच्या टेबलावरून धोकादायक मालाच्या गाड्यांचे कागद जातात तिथल्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याला राहते आणि गेली सोळा वर्षं एका छोट्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कागद करायचं काम करते. आमचे सहा टँकर आहेत, केमिकलचे. आरसी, फिटनेस, पीयूसी, इन्शुरन्स, नॅशनल परमिट, टॅक्स, पेसोचं (स्फोटक आणि पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय खात्याचं) लायसन, ड्रायव्हरचं हॅझार्डसचं लायसन, बिल्टी, ई-वे बिल (माल नेताना करासाठी करायची ऑनलाईन नोंद), ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं त्या सूचनांचं कार्ड), कचऱ्याची गाडी असेल तर मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद), हे सगळं माझ्या हातून जातं. ड्रायव्हर मला मॅडमजी म्हणतात आणि मालक म्हणतात की गाडी डिझेलवर नाही, ताईंच्या फाईलवर चालते. पूर्वी मला हे ऐकून बरं वाटायचं.

आता वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायला हे पत्र. आधी अर्ज दिला होता. पोच मिळाली, उत्तर नाही मिळालं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्री पाऊण वाजता फोन आला की महापे-शिळफाटा रोडवर आपल्या गाडीला मागून कंटेनरवाल्याने ठोकलंय आणि व्हॉल्वकडून गळतंय. मालक गावाला गेलेले. फायरवाले कागद मागतायत म्हणून मी ऑफिसची फाईल घेतली आणि नवऱ्याच्या बाईकवर बसून निघाले, रेनकोट अर्धाच घातलेला. गाडी जेएनपीटीच्या टँक फार्मवरून टोल्युइन भरून अंबरनाथला चालली होती. थिनरचा वास येतो ना, तसा वास लांबूनच येत होता, डोळे चुरचुरायला लागले. रोडच्या कडेला गटारातून पावसाचं पाणी वाहत होतं आणि त्याच्यावर तेलासारखी तवंगाची पट्टी, आणि पन्नास-साठ फुटांवर एक चहाची टपरी, स्टोव्ह चालू. दहा-बारा पोरं मोबाईल वर करून शूटिंग करत उभी.

फायरचे एक साहेब माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारलं, मॅडम नक्की काय आहे यात, ड्रायव्हर म्हणतोय थिनर आणि गाडीवर लिहिलंय मिथेनॉल.

मी गाडीकडे बघितलं. डाव्या बाजूच्या पॅनलवर, म्हणजे आत काय माल आहे ते सांगणाऱ्या पाटीवर, खरंच मिथेनॉल लिहिलेलं, यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर एकच असलेला आकडा) १२३०. आधीच्या खेपेचं. टोल्युइनचा नंबर १२९४. लोडिंगच्या दिवशी रेडियमवाल्याकडे स्टिकर दोनच तयार होते, तर मागचं आणि उजवीकडचं बदललं आणि डावीकडचं उद्या लावू म्हणून राहून गेलं. मागचं पॅनल कंटेनरने चेपून टाकलेलं, उजवी बाजू डिवायडरला चिकटलेली, म्हणजे चालत येणाऱ्या माणसाला जे एकच पॅनल धड दिसत होतं ते चुकीचं होतं.

ज्यांना हा फरक किरकोळ वाटतो त्यांच्यासाठी सांगते, मलाही त्या रात्रीच कळलं. मिथेनॉल पाण्यात मिसळून जातं आणि त्याला वेगळा फोम लागतो, साधा फोम मारला तर ते फोमच खाऊन टाकतं. टोल्युइन पाण्यात मिसळत नाही, पाण्यावर तरंगतं, जोरात पाण्याचा मारा केला तर ते पसरत जातं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकते, टपरीच्या स्टोव्हपर्यंतसुद्धा. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेटू शकते तो, ४ अंश, म्हणून आपल्याकडच्या हवेत ते कधीही पेट घ्यायला तयारच असतं.

पॅनलवर एक इमर्जन्सी नंबर होता. साहेबांनी लावला, बंद. तो माल पाठवणाऱ्या कंपनीतल्या सेफ्टीवाल्याचा मोबाईल, जो दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. दुसरा नंबर लँडलाईन, तो वाजत राहिला, रात्री एक वाजता ऑफिसात कोण असणार. आणि ट्रेम कार्ड? ते होतं, सीटखालच्या लाल रेक्झिनच्या फाईलमध्ये, इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरांची पोटं शाईने भरलेली. आमचे ड्रायव्हर, सगळे त्यांना चाचा म्हणतात, जौनपूर साईडचे, बावीस वर्षं टँकर चालवतायत, हिंदी सावकाश वाचतात. त्यांनी ते कार्ड छातीशी धरलं होतं, भिजू नये म्हणून. वाचायला येत नव्हतं पण महत्त्वाचं आहे एवढं माहीत होतं.

शेवटी खरं काय ते कुठून कळलं सांगू? माझ्या मोबाईलमधल्या ई-वे बिलावरून. त्यात एचएसएन कोड (करासाठी मालाला दिलेला आकडा) होता २९०२३०००, समोर टोल्युइन लिहिलेलं, किलो, किंमत, गाडी नंबर, कुठून कुठे, सगळं बरोबर. ज्यांना कर घ्यायचा होता त्यांना गाडीत काय आहे ते पक्कं माहीत होतं, आणि ज्यांना आग विझवायची होती त्यांना नव्हतं.

नशीब की पेट घेतला नाही. टपरीवाल्याला उठवलं, स्टोव्ह बंद केला, फोम मारला, पहाटे माल दुसऱ्या टँकरमध्ये घेतला. कोणाला लागलं नाही म्हणून बातमीसुद्धा आली नाही.

आता माझी चूक. लोडिंगच्या आधी एक चेकलिस्ट भरायची असते, त्यात एक रकाना असतो "इन्फर्मेशन पॅनल". मी तिथे ओके लिहून सही केली होती, ऑफिसात बसून, गाडी न बघता. इतकी वर्षं तसंच करत आले होते. टर्मिनलच्या गेटवरच्या माणसाने पण त्याच्या रजिस्टरात ओके लिहिलेलं. नंतर चौकशी झाली तेव्हा आलेल्या अधिकाऱ्याने तीच चेकलिस्ट घेतली, झेरॉक्स काढली, फाईलला लावली आणि निष्कर्ष काढला की सर्व कागदपत्रे विहित नमुन्यात आढळली. मी म्हटलं साहेब, डावं पॅनल चुकीचं होतं, मी न बघता सही केलीय. ते म्हणाले, "मॅडम, कागदावर ओके आहे ना, मग कशाला वाढवताय." चांगले होते हो ते, माझी नोकरी वाचवत होते. पण मला त्या दिवसापासून स्वतःच्या सहीची लाज वाटते.

तर माझ्या तक्रारी अशा आहेत, जशा सुचतील तशा लिहितेय.

पहिली, पॅनलची. सेंट्रल मोटर व्हेईकल रुल्स १९८९ चा नियम १३४ काय सांगतो ते मला पाठ आहे. मालाचं नेमकं नाव किमान ५० मिमी अक्षरात, यूएनचा आकडा किमान १०० मिमी, क्लासचं लेबल किमान २५० मिमी, आग लागली तर कोणाला फोन करायचा तो नंबर, पाठवणाऱ्याचा नंबर. आरटीओला आणि रोडवरच्या चेकिंगला अक्षरांची उंची बघितली जाते, रंग उडालाय का बघितलं जातं, चलान फाडलं जातं. पण त्यावरचा फोन लावून बघितलाय असा एकही माणूस मला सोळा वर्षांत भेटला नाही. एकही नाही. मापाला बरोबर आणि उपयोगाला शून्य असं पॅनल आपल्याकडे पास होतं.

दुसरी, ड्रायव्हरची भाषा. नियम ९ म्हणतो की हॅझार्डस माल नेणाऱ्या ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता वाचता आली पाहिजे. कागदावर छान आहे. ठाणे-बेलापूर रोडला उभं राहून कोणत्याही दहा टँकरवाल्यांना ट्रेम कार्ड वाचायला द्या आणि बघा. ड्रायव्हरला मी दोष देत नाहीये, ज्याला इंग्रजी येतं तो रात्री अकराला टँकर का चालवेल. पण हे आपल्या सगळ्यांना माहीत असून आपण कार्ड इंग्रजीतच छापत राहतो आणि ड्रायव्हरला येतं असं धरून चालतो. जीव वाचवायच्या सूचना त्यालाच वाचता येत नसतील तर ते कार्ड नक्की कोणासाठी आहे, चेकिंगवाल्यासाठी?

याच्यातच ट्रेनिंगचं पण आलं. तीन दिवसांचा कोर्स असतो, मग लायसनवर शेरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे लायसन तीन वर्षांचं झालं, आधी दर वर्षी रिन्यू करावं लागायचं. चांगले वर्ग आहेत, नाही असं नाही, मी स्वतः एका वर्गात मागे बसून ऐकलंय आणि तिथल्या सरांनी खरंच जीव तोडून शिकवलं. पण मला एजंटचे मेसेज पण येतात, आधार आणि फोटो व्हॉट्सॲप करा, सर्टिफिकेट संध्याकाळी. मी कोणाचं नाव घेत नाही. साहेब, ज्याने आयुष्यात एकदाही फायर एक्स्टिंग्विशरची पिन ओढलेली नाही असा माणूस वीस हजार लिटर घेऊन माझ्या मुलाच्या शाळेवरून जातो, आणि कागदावर तो ट्रेन्ड असतो.

तिसरी टॅकोग्राफची, पटकन सांगते. नियमात आहे की अशा गाडीला टॅकोग्राफ पाहिजे, किती वेळ चालली, किती स्पीडने, ब्रेक कधी मारला. सोळा वर्षांत त्याचा रेकॉर्ड मला एकाही साहेबाने मागितला नाही. आता जीपीएस आलंय, त्याची पण तीच गत आहे, फिटनेसला डबा लावलाय का ते बघतात, डब्यातलं कोण बघत नाही.

चौथी पार्किंगची, आणि ही ठाणे-नवी मुंबईकरांनी नीट वाचावी. नियम सांगतो की गाडी उभी असताना ती आग, स्फोट आणि इतर धोक्यापासून सुरक्षित जागी उभी पाहिजे आणि ड्रायव्हर किंवा अठरा वर्षांवरचा जाणता माणूस कायम जवळ पाहिजे. बरं. अशी जागा कुठाय? अवजड वाहनांना शहरातून ठराविक तासांतच सोडतात, ते बरोबरच आहे, घोडबंदरला राहणाऱ्यांचे हाल मला माहीत आहेत. पण बंदीच्या तासात भरलेला टँकर जाणार कुठे? तो सर्व्हिस रोडला लागतो, पुलाखाली लागतो, वड्याच्या गाडीशेजारी लागतो. ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर डाळ शिजवतो, कारण त्याला पण भूक लागते. मग दोनशे मीटरवर सोसायटीवाले ट्वीट करतात, पोलीस येऊन चलान मारतात, आणि गाडी पुढच्या पुलाखाली जाऊन उभी राहते. उभं राहायला जागाच ठेवायची नाही आणि उभं राहिलं की दंड, अशी ही गंमत.

पाचवी, कचऱ्याची. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मॅनिफेस्टच्या सात कॉप्या असतात, प्रत्येकीचा रंग वेगळा. पांढरी प्रदूषण नियंत्रण बोर्डाला, पिवळी कचरा पाठवणाऱ्याकडे, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांकडे, हिरवी घेणाऱ्याकडून बोर्डाला, निळी घेणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याला, आणि माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर करडी तिथल्या बोर्डाला. ज्याने कोणी हे ठरवलं तो हुशार माणूस होता, कारण पांढरी आली आणि हिरवी आलीच नाही तर समजायचं की गाडी मध्येच कुठेतरी रिकामी झाली. आता बरंचसं ऑनलाईन झालंय, तरी माझ्या कपाटात नारिंगी कॉप्यांचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले. ते आजवर कोणी येऊन जुळवून बघितलेले नाहीत. आमचे जुळतात, मी सांगते म्हणून विश्वास ठेवा, पण तुम्ही माझ्या सांगण्यावर का विश्वास ठेवावा?

न जुळवल्याने काय होतं ते आपण बघितलंय. २०१४ च्या नोव्हेंबरात उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकर रिकामा झाला आणि शेकडो माणसं रात्री खोकत हॉस्पिटलात गेली. ६ जानेवारी २०२२ ला सुरतजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात केमिकल सोडत होते, शेजारच्या मिलमधले ६ कामगार झोपेत-कामात गुदमरून मेले, आणि ते केमिकल आलं कुठून, तर तपास आपल्या तळोजा एमआयडीसीपर्यंत येऊन पोचला. तळोज्याहून सुरत म्हणजे किती टोलनाके, किती चेकनाके, किती कॅमेरे, मोजा तुम्हीच. त्या प्रत्येक ठिकाणी गाडीचा नंबर कुठे ना कुठे उतरला असणार.

आणि १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कुणे पुलावर टँकर पेटला, जळतं केमिकल पुलाखालच्या रस्त्यावर पडलं, ४ माणसं गेली. ही बातमी वाचताना माझ्या नजरेसमोर आमचं डावं पॅनल होतं.

आता मागण्या. आधी एक सांगते, नवीन परमिट नको. हात जोडून सांगते, नवीन फॉर्म काढू नका, तो पण मीच भरणार आणि त्याच्यात पण ओकेच लिहिणार. आहे त्याचाच उपयोग करा.

१. ई-वे बिलाच्या फॉर्ममध्ये यूएन नंबरचा एक रकाना वाढवा आणि फायर ब्रिगेडच्या कंट्रोल रूमला ती माहिती गाडी नंबर टाकून बघता येईल असं करा. ई-वे बिल २०२१ पासून फास्टॅगला जोडलेलं आहे, म्हणजे कोणती गाडी कोणत्या टोलवरून गेली ते सरकारला आधीच कळतं. मला कळत नाही यात अवघड काय आहे. पेट्रोल-डिझेलला ई-वे बिल लागत नाही हे मला माहितीय, त्याच्यासाठी ऑइल कंपन्यांकडून माहिती घ्या, पण बाकीच्या केमिकलचं तरी सुरू करा. महापे, रबाळे, पावणे, तुर्भे, तळोजा एवढ्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

२. पॅनलवरचा नंबर रात्री लावून बघा. महिन्यातून एकदा, कोणत्याही वीस गाड्या. उचलला नाही तर दंड गाडीवाल्याला नको, पाठवणाऱ्या कंपनीला करा, कारण नियम १३१ प्रमाणे गाडी योग्य आहे का, गाडीवाल्याला पूर्ण माहिती दिलीय का, ड्रायव्हर ट्रेन्ड आहे का हे बघायची पहिली जबाबदारी माल पाठवणाऱ्याची आहे. आजवर पकडला जातो तो ड्रायव्हर.

३. ट्रेम कार्ड मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट. कंपनीने छापून द्यायचं, झेरॉक्स चालणार नाही. गुजरातकडच्या गाड्यांना गुजराती.

४. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी परीक्षा तोंडी आणि हातांनी घ्या, एक्स्टिंग्विशर चालवून, व्हॉल्व बंद करून, फोनवर "गाडी इथे आहे, माल हा आहे" असं सांगून दाखवायला लावून. आणि व्हिडिओ ठेवा.

५. जेएनपीटी, कळंबोली, तळोजा या पट्ट्यात आणि ठाण्याच्या वेशीवर भरलेल्या टँकरसाठी वेगळं पार्किंग द्या. हायड्रंट, वॉचमन, संडास आणि जेवायची सोय. पैसे घ्या, आम्ही देऊ. बंदीचे तास संपेपर्यंत तिथे थांबवा आणि मग खुशाल सर्व्हिस रोडवर उभ्या गाड्यांना दंड करा, मी टाळ्या वाजवीन.

६. मॅनिफेस्ट जुळवा. हिरवी कॉपी ठरलेल्या दिवसांत आली नाही तर सिस्टीमने आपोआप बोंब मारली पाहिजे. आणि प्रत्येक गळतीची, पलटीची चौकशी लोकांना वाचायला मिळाली पाहिजे, कोणी मेलं नसेल तरी.

मालकांना हे पत्र दाखवलंय. ते म्हणाले, ताई, उद्या आपल्याच गाड्या आधी अडवतील. अडवू देत. आमच्या सहाही गाड्यांचे तिन्ही पॅनल आता मी स्वतः खाली उतरून, गोल फिरून बघते, पाऊस असला तरी, आणि मगच सही करते. दर एक तारखेला रात्री साडेअकरा वाजता पॅनलवरचे सगळे नंबर लावते. मागच्या महिन्यात अकरापैकी चार उचलले नाहीत, त्या कंपन्यांना मेल टाकलेत, एकीचं उत्तर आलंय.

आज रात्री दोन गाड्या निघतायत, एक सल्फ्युरिक ॲसिडची, एक टोल्युइनचीच. टोल्युइनवर चाचा आहेत. त्यांच्यासाठी वहीच्या पानावर मी हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, पानी की तेज़ धार मत मारने देना, चूल्हा-बीड़ी बंद करवाना, हवा जिधर से आए उधर खड़े रहना, आणि खाली माझा नंबर. लॅमिनेट करून घेतलंय, वीस रुपये लागले.

आपली,
कागद करणारी एक बाई
कोपरखैरणे, नवी मुंबई